राहिलं का कोणी

१

उदगीरच्या जुन्या मुसाफिरखान्यात विद्यापीठाचं सांस्कृतिक केंद्र यायचं ठरलं, तेव्हा मोंढ्यातल्या जाणत्या लोकांनी एकच विचारलं, "पर तितं ऱ्हानार कोन?" राहायचं कोणालाच नव्हतं. ढोलक्या, संबळ, हलग्या राहणार होत्या, भारुडाचे कपडे राहणार होते आणि दिवसभर राजकन्या मॅडम तिथं बसणार होत्या. मॅडमसुद्धा संध्याकाळी कुलूप लावून आपल्या भाड्याच्या खोलीवर जाणार होत्या. तेव्हा काळजीचं काही कारण नव्हतं.

निजामाच्या काळी मोंढ्यावर माल घेऊन येणारे गाडीवान, व्यापारी या मुसाफिरखान्यात मुक्काम करत. मधे मोठा चौक, चारी बाजूंनी ओवऱ्या, ओवऱ्यांच्या मागं एकसारख्या खोल्या. भिंती चुन्याच्या आणि इतक्या जाड, की मोबाइलची रेंज चपलांसारखी उंबऱ्याबाहेरच काढून ठेवावी लागे. म्हणून मॅडमच्या टेबलावर वायरचा जुना फोन होता. त्यावर संध्याकाळी नांदेडहून ऋतुजाचा फोन यायचा.

"आई, तू काय करून राहिलीस?"

"कपड्यांच्या घड्या घालून राहिले."

"कधी येणार तू?"

"शनिवारी."

ऋतुजा तिसरीत होती. आजी केवळाबाई आणि वडील आनंदराव यांच्याजवळ ती नांदेडला राहायची. आनंदरावांची नोकरी पाटबंधारे खात्यातली, ती हलणारी नव्हती. राजकन्येची नोकरी उदगीरची, तीही हलत नव्हती. दर शनिवारी लाल बसनं नांदेड, सोमवारी तांबडं फुटायच्या आत परत. कोणी विचारलं की राजकन्या म्हणायची, "काय सांगावं, अर्धं आयुष्य यष्टीत गेलं." ऐकणारे चुकचुकायचे.

खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती सांगण्यासारखी नव्हती. राजकन्या उदगीरला सुखात होती. चाकूरजवळच्या खेड्यात भावंडांच्या गर्दीत वाढलेली, मग सासरच्या गोतावळ्यात पडलेली ही बाई आयुष्यात पहिल्यांदा एकटी राहत होती. दुपारी चौकात लिंबाची सावली पडायची, पोरं पोवाड्याची तालीम करायची, मग पांगायची, आणि त्या थंडगार खोल्यांत तिला कोणी काही मागत नसे. लेक आठवली की पोटात तुटायचं, हेही खरं. दोन्ही खरं होतं, पण लोकांना एकच सांगता येतं.

केंद्र बंद करायची एक रीत पडली होती. पहिल्याच वर्षी ढोलकीवाला एक मुलगा तालमीनंतर कोपऱ्यात झोपून गेला आणि कुलपाआड राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बापासोबत अर्धी गल्ली भांडायला आली. तेव्हापासून कुलूप लावण्याआधी राजकन्या चौकाच्या मधोमध उभी राहायची आणि पंगतीत वाढपी विचारतात तशी मोठ्यानं हाक द्यायची, "कोणी राहिलं का?" जरा थांबायची. कोणी बोललं नाही की कुलूप.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. ऊन अजून ओवरीच्या कमानीवर होतं. राजकन्येच्या डोक्यात भोगीची भाजी होती, वांगी घ्यायची होती, वालाच्या शेंगा घ्यायच्या होत्या. तिनं हाक दिली, "कोणी राहिलं का?"

"न्हाई."

"बरं," असं म्हणून तिनं कुलूप लावलं, ओढून बघितलं, किल्ली पर्समधे टाकली आणि स्कूटी चालू केली.

मोंढ्याच्या कोपऱ्यावर गुणाबाई भाजीवालीसमोर वांगी निवडताना तिचा हात थांबला. राहिलं नाही कोणी, तर नाही म्हणालं कोण?

"बाई, वांगं किडकं न्हाई त्ये," गुणाबाई म्हणाली. "कवापासून बघून राहिल्या."

२

शिवमूर्ती हा केंद्राचा शिपाई. सकाळी दार उघडायचं काम त्याचं, लावायचं मॅडमचं, कारण पाचला त्याला म्हशींच्या धारा काढायला जावं लागे. दुसऱ्या दिवशी राजकन्येनं त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काल संध्याकाळी तुम्ही परत आला होता का?"

"न्हाई मॅडम. मग म्हशी कोन पिळतंय?"

"आतून आवाज आला. 'न्हाई' म्हणाल्यासारखा."

"पारवे असत्याल."

"पारवे 'न्हाई' म्हणतात का, शिवमूर्ती?"

शिवमूर्तीनं खरोखर विचार केला. "आपल्या हितले म्हनतेत बी," तो म्हणाला आणि घागर घेऊन नळाकडं गेला.

राजकन्या हसली. हसल्यावर बरं वाटलं. दिवसभर तिनं स्वतःला समजावलं. जुनी वास्तू आहे, आवाज घुमतो. पण घुमलेला आवाज आपलाच शब्द परत आणतो, आपल्या प्रश्नाचं उत्तर आणत नाही, एवढं तिलाही कळत होतं. मग एखादी मुलगी असेल, मागच्या खोलीत कपडे बदलत असेल, उत्तर देऊन मागच्या दारानं गेली असेल. मागच्या दाराला विटा घालून पन्नास वर्षं झाली होती. तरी तिनं ती कल्पना संध्याकाळपर्यंत पुरवली.

संध्याकाळी तिनं आधी प्रत्येक खोली बघितली. वाद्यांच्या खोलीत संबळाच्या कातड्याचा वास होता. बैठकीच्या खोलीत सतरंजी गुंडाळलेली होती. शेवटची पोशाखाची खोली, तिथं दोरीवर नऊवारी लुगडी, धनगरी घोंगड्या, वासुदेवाच्या टोप्या. कोनाड्यांत पूर्वी मुसाफिरांचे दिवे ठेवायचे, तिथल्या काजळीचे डाग कितीदा चुना मारला तरी पुन्हा वर येत. कोणी नव्हतं. चौकात येऊन तिनं हाक दिली.

"कोणी राहिलं का?"

"न्हाई."

बाईचा आवाज. घाबरवणारा नव्हता, हीच त्यातली वाईट गोष्ट. हातातलं काम न सोडता आतल्या घरातून बाई उत्तर देते, तसा. वय सांगता येत नव्हतं. दिशा सांगता येत होती. पोशाखाच्या खोलीकडून आला होता, आणि ती खोली राजकन्येनं आत्ताच बघितली होती.

पुन्हा जाऊन बघावं, असं तिच्या बुद्धीनं सांगितलं. पायांनी ऐकलं नाही. तिनं कुलूप लावलं. पळाली नाही ती, पण चपला पायात नसून हातात आहेत, हे तिला स्कूटीजवळ आल्यावर कळलं.

३

माणूस कशालाही सरावतो. हे वाक्य आपण दुःखाबद्दल म्हणतो, पण भीतीलाही ते तेवढंच लागू आहे.

पहिले काही दिवस राजकन्येनं शिवमूर्तीला थांबवून घेतलं. तो असला की उत्तर येत नसे. त्याच्या म्हशी मात्र आटायला लागल्या आणि तो कुरकुरायला लागला. मग ती पुन्हा एकटी राहिली, आणि उत्तर पुन्हा यायला लागलं. रोज एकच शब्द. कधी त्यात जांभई असल्यासारखी वाटे, कधी थंडीनं घसा बसल्यासारखा. होळीच्या सुमारास तिच्या लक्षात आलं, की आपण त्या उत्तराची वाट बघतो. भिंतींना कान असतात हे सगळ्यांना ठाऊक. एखाद्या भिंतीला तोंड असलं तर बिघडलं कुठं?

तिनं कोणाला सांगितलं नाही. आनंदरावांना सांगावं तर ते बदलीच्या अर्जात घालायला सांगतील. सासूबाईंना सांगावं तर त्या लिंबं ओवाळायला बसनं येतील.

एप्रिलमधे एकदा तिनं नेहमीसारखी हाक दिली आणि उत्तर आलं, "हाव."

 "हाव?" तिनं विचारलं. पुन्हा काही आलं नाही. आत्तापर्यंत त्या आवाजानं कधी 'हो' म्हटलं नव्हतं, त्यामुळं जाऊन बघणं भाग होतं. बैठकीच्या खोलीत, गुंडाळलेल्या सतरंज्यांच्या मागं बबिता पडली होती. बबिता ही गाण्याची शिक्षिका, तासिकेवर येणारी. अंग तव्यासारखं तापलं होतं, डोळे उघडत नव्हते. कुलूप लागलं असतं तर सकाळपर्यंत तिच्याकडं बघायला कोणी नव्हतं.

रिक्षात बबितेचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यात जाताना राजकन्येला पहिल्यांदा त्या आवाजाबद्दल माया वाटली. खोटं बोलत नाही ती, असं तिच्या मनात आलं. तो आवाज आपण 'ती' म्हणून धरला, हेही तेव्हाच तिच्या लक्षात आलं.

"मॅडम, तुमी देवासारख्या आल्या," बरी झाल्यावर बबिता म्हणाली. "मी हाक बी मारली न्हवती."

"कोणीतरी मारली," राजकन्या म्हणाली, आणि विषय बदलला.

४

जूनमधे बदली झाली. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. नांदेड तर मिळालंच, वर घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कचेरी.

सगळ्यांनी पेढे मागितले. शिवमूर्तीनं दोन जास्त घेतले, म्हशीसाठी म्हणून. आनंदराव फोनवर इतके आनंदले, की लग्नातही बोलले नव्हते तेवढं बोलले. मग ऋतुजानं फोन हिसकावून घेतला.

"आई, आता तू येऊन-जाऊन नको करू."

"मग काय करू?"

"राहायला ये."

राजकन्येला भडभडून आलं. पोरीनं इतकी वर्षं हे कधी म्हटलं नव्हतं. आपण तिच्यासाठी शनिवारची आई झालो, आणि तिनं मुकाट्यानं चालवून घेतलं. आता तिच्यावर दुसऱ्यांदा असं म्हणायची वेळ येऊ द्यायची नाही, असं राजकन्येनं ठरवलं, आणि ते मनापासून ठरवलं.

त्या संध्याकाळी हाक दिली, "न्हाई" ऐकलं, तरी तिला कुलूप लावावंसं वाटेना. पारवे वळचणीला बसत होते. चौकातली फरशी दिवसभराच्या उन्हानं कोमट होती. चप्पल काढून ती तिथंच टेकली. इथं आपण कोणाची आई नव्हतो, कोणाची सून नव्हतो, आणि किती बरं होतं ते. हे मनातसुद्धा म्हणायची तिला लाज वाटली. म्हणून ती थट्टेवारी नेत मोठ्यानं बोलली. रिकाम्या घरात माणूस बोलतो तसंच.

"काय गं, मी राहू का इथंच?"

पोशाखाच्या खोलीकडून लगेच उत्तर आलं, जणू विचारायचीच वाट बघत होती.

"हाव."

राजकन्या हसली. हसता हसता उठली, चप्पल घातली, कुलूप लावलं. आपल्या भागात पाहुणा 'राहू का' म्हणाला की यजमान 'हाव' म्हणतो. त्यात एवढं काय? गुणाबाईच्या पाटीपर्यंत ती हसत होती. तिथून पुढं तिला हसू आलं नाही.

५

निरोपाचा कार्यक्रम दुपारी झाला. शाल, नारळ, भाषणं. गावातल्या कॉलेजचे प्राचार्य आनंदाचं बोलता बोलता दुष्काळावर गेले आणि तिथंच राहिले. बबितेनं गाणं म्हटलं. राजकन्येनं हिरवं इरकल नेसलं होतं, बबितेनं तिच्या अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा माळला आणि तो नीट बसेना म्हणून काळी पिन लावली. केंद्राचा कारभार आता बबितेकडं जाणार होता, तिला कायम केलं होतं. सगळं कसं जिथल्या तिथं बसलं होतं.

आनंदराव आणि ऋतुजा न्यायला आले होते. जीपमधे सामान भरून झालं. चार वाजून गेले होते, ऊन होतं, पाऊस अजून पडायचा होता. शिवमूर्ती, बबिता, आनंदराव, ऋतुजा सगळे फाटकाजवळ उभे होते.

"मी कुलूप लावते. शेवटचं," राजकन्या म्हणाली.

चौकात उभं राहून तिनं हाक दिली. आवाज नेहमीचाच निघाला.

"कोणी राहिलं का?"

"हाव."

तिनं मान वळवून फाटकाकडं बघितलं. सगळे तिथं होते. पोरं कधीच गेली होती. तरी बबितेच्या वेळचा प्रसंग आठवून ती आत गेली. वाद्यांची खोली. बैठकीची खोली, सतरंज्यांच्या मागं वाकून बघितलं. कोणी नाही. ओवरीत येऊन तिनं पुन्हा विचारलं, या वेळी हळू.

"कोण राहिलं?"

 पोशाखाच्या खोलीतून गुणगुण ऐकू आली. तालमीतली कुठलीशी चाल, काम करता करता सुटलेली.

दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून आडवं ऊन दोरीवर पडलं होतं. दोरीखाली एक बाई पाठमोरी उभी होती आणि नऊवारी लुगड्याची घडी घालत होती. एवढं लांब लुगडं एकट्यानं घडी घालायचं तर एक टोक हनुवटीखाली दाबावं लागतं, तसं तिनं दाबलं होतं. अंगावर हिरवं इरकल. अंबाड्यात मोगरा, आणि मोगऱ्याला काळी पिन.

राजकन्येचा हात आपल्या केसांकडं गेला. अर्ध्यात थांबला. तो पुढं नेऊन चाचपायची तिला छाती झाली नाही.

भीती नंतर आली. आधी आला हेवा. किती निवांत होती ती बाई! खांदे सैल, पायांवर सगळा भार, कुठं जायची घाई नाही. मी अशी दिसते इथं, असं राजकन्येला वाटलं. अशी मी नांदेडला कधी दिसले नसेन.

"आई!" फाटकाकडून ऋतुजानं हाक मारली. "ये ना लवकर!"

घडी घालणारे हात थांबले. हनुवटी वर झाली, लुगड्याचं टोक सुटून खाली पडलं. लेकीची हाक ऐकून आई मान वर करते, तशी त्या बाईनं मान वर केली. आणि ती वळायला लागली.

राजकन्या निघाली. ओवरी, चौक, उंबरा. आपल्याआधी कोणी त्या फाटकाशी पोचता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बाहेर येऊन तिनं दरवाजा ओढून घेतला.

"कोणी राहिलं का, मॅडम?" बबितेनं विचारलं. रीत म्हणून विचारलं, हसत.

खरं सांगितलं असतं, तर सगळे आत गेले असते. शोधलं असतं. आणि मग आनंदरावांनी, ऋतुजानं कोणाला जीपमधे बसवलं असतं?

"न्हाई," राजकन्या म्हणाली.

"अग्गोबाई," बबिता हसली, "जाता जाता मॅडम गावाकडचं बोलून राहिल्या."

कुलूप लागलं. ते राजकन्येनं ओढून बघितलं. वळली तर ऋतुजा तिच्याकडं बघत नव्हती. तिच्या खांद्यावरून मागं, त्या बंद दाराकडं बघत होती. जीपमधे पोरगी वडिलांच्या मांडीवर बसली आणि नांदेड येईपर्यंत झोपून राहिली.

६

नांदेडला सगळं चांगलं चाललं. हे उगाच म्हणायचं म्हणून नाही, खरोखरच चांगलं चाललं.

राजकन्या पहाटे उठायची, डबे करायची, चालत कचेरीला जायची, दिवस कलला की घरी यायची. केवळाबाईंचे गुडघे चोळून द्यायची. केवळाबाई शेजारणींना सांगायच्या, "सून लई बदलली माझी. पैले कशी आल्या-आल्या घड्याळाकडं बघायची. आता कशी निवांत बसती." आनंदरावांचं वजन वाढलं. पाऊस वेळेवर पडला. चाकूरकडं सोयाबीन बरं होतं, भुजंगरावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, फोन करून मुद्दाम कळवलं.

उदगीरहून बबितेचाही फोन आला. "मॅडम, तुमी घडी बसवून दिली म्हनून चाललंय. सकाळी येऊन बघावं तर सगळे कपडे जागच्या जागी. चौकात बसलं की लई बरं वाटतं."

"वाटतंच," राजकन्या म्हणाली. 

एकच गोष्ट होती. ऋतुजा शहाणी झाली होती. रडत नव्हती, हट्ट करत नव्हती, ताटातलं टाकत नव्हती. आणि ती राजकन्येला 'तुम्ही' म्हणायला लागली होती.

"तुम्ही बसा, मी पाणी आणते." "तुम्हाला भाजी आवडली का?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राजकन्येच्या हातातलं पोळपाट निसटलं. जगातल्या सगळ्या आया 'तू' असतात. देवी 'तू' असते. घरच्या म्हशीलासुद्धा 'तुम्ही' म्हणत नाहीत. पण केवळाबाईंनी कौतुक केलं, शाळेतल्या नव्या बाई चांगल्या दिसतात म्हणाल्या. आनंदराव म्हणाले, "तू आलीस आणि पोरीला वळण लागलं." तेव्हा राजकन्येनंही वळणच म्हणून धरलं. पोरगी मोठी होते आहे, होईल हळूहळू. एवढी वर्षं लांब ठेवली, थोडे दिवस ती लांब राहणारच. रात्री ऋतुजा आजीजवळ झोपायची. झोपण्याआधी येऊन राजकन्येला वाकून नमस्कार करायची, मुक्कामाला आलेल्या वडीलधाऱ्या बाईला करतात तसा.

राजकन्या तिच्या डोक्यावर हात ठेवायची. केस मऊ होते, खोबरेलाचा वास यायचा. लेकीवर तिचं प्रेम होतं, त्याबद्दल तिच्या मनात कसलीच शंका नव्हती. बाकी कशाबद्दल शंका घ्यायची, हे तिला कळत नव्हतं. घराच्या आरशात बघावं तर तीच होती. फक्त ते हिरवं इरकल कुठं गेलं, ते सामानात सापडलं नाही.

एका शनिवारी कचेरीला अर्धी सुट्टी होती. जेवणं झाल्यावर केवळाबाई आडव्या झाल्या, आनंदराव आठवड्याचा बाजार आणायला गेले. राजकन्या पडवीत आली. पायरीवर ऋतुजा बसली होती. नवा झगा, वेणीला लाल रिबन, तोंडाला पावडर. स्वतःची स्वतः तयार झाली होती.

"कुठं जायचंय?"

"कुठं न्हाई."

"मग कोणाची वाट बघून राहिलीस?"

ऋतुजानं तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, भीती नव्हती. पाहुण्यांना दुखवू नये हे शिकवलेल्या मुलीची नजर होती ती.

"आज शनिवार हाय ना," ती म्हणाली.

 मी इथंच आहे गं, असं ओठापर्यंत आलं. ते तिथंच राहिलं. तोंड उघडलं तर कुठला आवाज निघेल, याची तिला खात्री वाटेना.

"तुम्ही उन्हात नका उभं राहू," ऋतुजा म्हणाली. उठून तिनं पडवीतली खुर्ची सावलीत ओढून दिली, फडक्यानं पुसली. "बसा इथं. आई येऊन राहिली."

राजकन्या बसली. खुर्ची चांगली होती, वारा येत होता. गल्लीत कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. तिला इतकं स्वस्थ वाटलं, की त्याची तिला धास्ती वाटली. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती गल्लीच्या तोंडाकडं बघत राहिली. लेकीच्या शेजारी बसून, लेकीसोबत.

कोपऱ्यावर रिक्षा थांबली. ऋतुजा चप्पल न घालताच धावत सुटली. कडुलिंबाच्या फांद्यांमधून राजकन्येला रिक्षातून खाली ठेवलेली पिशवी दिसली, आणि पिशवीमागं हिरव्या काठाचा एवढासा तुकडा.

"आई, किती उशीर केलास तू!"

राजकन्येनं पदर सावरला आणि खुर्चीतून उठून उभी राहिली. घरची बाई आली की आलेल्या माणसानं उठायचं असतं.